फॅटी लिव्हर: भरभर चालावं की वजनं उचलावीत?

सोनोग्राफीत ‘ग्रेड १’, म्हणजे यकृतात थोडी चरबी, आलं की पहिला प्रश्न हाच. यकृतातली चरबी दोन्हींनी उतरते, वजनकाटा फारसा हलला नाही तरीही.

वेळ: चालणं आठवड्याला किमान 150 मिनिटं, बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतक्या वेगानं. भाजी आणायला रमतगमत जाणं यात धरू नका. वजनांचा व्यायाम आठवड्यातून तीनदा, साधारण 40-45 मिनिटं. उठाबशा, भिंतीला टेकून दंड, रबरी पट्टा. प्रत्येकी 8 ते 12 वेळा, दोन-तीन फेऱ्या.

खर्च: चालायला बरे बूट, वजनांना पट्टा किंवा पाण्याच्या बाटल्या. ‘लिव्हर डिटॉक्स’ची पावडर दोन्हीकडे नको.

चुकतं कुठे? चालणारे वेग वाढवत नाहीत, आणि परतताना वडापाव. वजनं उचलणारे श्वास रोखतात, रक्तदाब चढतो. सिरोसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वजन नकोच.

पोट सुटलंय, गुडघे ठीक आहेत, तर चालणं. कॅलरी जास्त जळतात, आणि यकृताची सूज उतरायला वजन 7 ते 10 टक्के घटावं लागतं. गुडघे दुखतात, दम लागतो किंवा अंगानं बारीक असूनही चरबी निघाली, तर वजनं. मधुमेह असेल तर दोन्ही.