जुळ्यांची डिलिव्हरी, पुण्यातलं हॉस्पिटल – ४ स्टार
बहिणीला जुळी, दोघांची वार (प्लासेंटा) वेगवेगळी, पहिलं बाळ डोक्याकडून. आधीच्या ठिकाणी जुळी म्हटल्यावर थेट सिझरची तारीखच हातात! इथल्या मॅडमनी नीट बसवून सांगितलं की २०१३ च्या २५ देशांतल्या अभ्यासात, पहिलं बाळ डोक्याकडून असेल तर ठरवून सिझर केल्याने बाळांचा धोका काही कमी झाला नाही, पण नॉर्मल करायचं तर भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर तयार पाहिजे कारण खरी धाकधूक दुसऱ्या बाळाची, ते ऐनवेळी आडवं होऊ शकतं. एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून देतात ती भूल) आधीच दिलं. दुसरी पायाळू निघाली, मॅडमनी शांतपणे काढली, दोघी मस्त. एक स्टार कापला तो बिलिंगचा, डिस्चार्जला अख्खी दुपार बसवलं राव, ओली बाळंतीण खुर्चीवर!