घडी छापलेली, भोकं छापलेली, गेले ते ४५,८५० मात्र खरे

आधी आकडाच सांगून टाकते, कारण घर आणि पोलीस-बँक सोडून कुणाला खरा आकडा सांगितलेला नाही, सख्ख्या बहिणीला पण वीस हजार म्हणून सांगितलंय. ४५,८५० रुपये, जुनं म्हणून घेतलेल्या एका खोट्या सिनेमाच्या पोस्टरपायी. टोकन ५,०००, मग ३६,५००, मग लिनन बॅकिंगचे, म्हणजे पोस्टरच्या मागे कापड चिकटवायचे ३,२००, मग कुरिअर आणि इन्शुरन्स १,१५०. सगळं यूपीआयने, सगळं माझ्या हाताने.

आणि मी कोण, तर कॉलेजच्या लायब्ररीत एकोणीस वर्षं नोकरी करणारी बाई. जुना कागद कडेला कसा मोडतो, त्याला वास कसा येतो हे मला झोपेतून उठवून विचारा. त्यात राहणार कोल्हापूरची, जिथे बाबूराव पेंटर शंभर वर्षांपूर्वी आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवायचे. एवढं असून एका पोराने मला टोपी घातली.

मी हिंदी सिनेमांची परदेशात छापलेली पोस्टरं जमवते. पोलंड, झेकोस्लोव्हाकिया, रशिया. तिकडचे चित्रकार आपल्या मनाने काढायचे, त्यामुळे आपलाच हिरो दोन मिनिटं ओळखू येत नाही, ती मजा ज्याची त्यालाच कळते. 'आवारा' आपल्याकडे १९५१ चा, रशियात लागला १९५४ ला, 'ब्रद्यागा' नावाने, आणि तिकडे राज कपूर म्हणजे घरचा माणूस झाला. त्या वेळचं रशियन पोस्टर मी सहा वर्षं शोधत होते.

पहिल्यांदा लहान माल खरा देतात आणि मग मोठा गळ टाकतात, हे तुम्हाला सांगायला नको. मलाही माहीत होतं. त्या पोराकडून आधी तीन पोस्टरं घेतली होती, १,८००, २,४०० आणि १,५०० ची, तिन्ही अस्सल, आजही भिंगाखाली धरून बघते, अस्सलच आहेत. बोलायला इतका गोड, "ताई, तुमच्यासारखं कागद ओळखणारं गिऱ्हाईक नाही" वगैरे. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. घरात या नादाचं कौतुक कुणाला आहे?

'आवारा'चे त्याने ५२,००० सांगितले आणि घासाघीस करून ४१,५०० ला आला. मी लगेच हुरळले नव्हते हो. खालच्या ओळीचा फोटो मागितला, कारण रशियन पोस्टरवर तळाला बारीक अक्षरात चित्रकाराचं नाव, किती प्रती छापल्या तो आकडा असं सगळं असतं. फोटो आला, जरा धूसर. मला वाटलं मोबाईलचा कॅमेरा. मग मागच्या बाजूचा फोटो मागितला. गुरुवारी. तर म्हणाला, "ताई, त्याला लिनन बॅकिंग करून झालंय, मागून आता कापडच दिसणार." पटलं मला.

आणि शनिवारी त्याच माणसाने माझ्याकडून लिनन बॅकिंग 'करून घ्यायचे' ३,२०० घेतले.

गुरुवारी झालेलं काम शनिवारी करायला पैसे घेतोय, आणि मी देतेय! दोन्ही मेसेज एकाच चॅटमध्ये, मध्ये फक्त त्याचा एक हात जोडलेला इमोजी. आज तो चॅट उघडला की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. त्या शनिवारी कॉलेजात नॅकची, म्हणजे कॉलेज तपासून दर्जा देणाऱ्या समितीची, तयारी चालू होती, रात्री नऊपर्यंत रजिस्टरं लिहीत होतो आम्ही, आणि त्यात हा दर तासाला "दुबईचं गिऱ्हाईक थांबलंय" करत होता. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा मोबाईल अॅक्सेसरीजच्या दुकानाचं. ते पण वाचलं. वाचून पिन टाकला. तुम्ही नाव वाचून थांबा, एवढं तरी माझ्याकडून घ्या.

पार्सल नवव्या दिवशी आलं. नळी उघडली तर वासच नाही. सत्तर वर्षांचा कागद आणि वास नाही? टेबलावर पसरलं, चारही कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवली. जुनी पोस्टरं घडी घालून ठेवलेली असतात, तशा मधोमध उभ्या-आडव्या रेषा दिसत होत्या, रेषेवर रंग उडून पांढरं झालेलं. त्यावरून नख फिरवलं. नख सुळकन गेलं. घडी नव्हतीच, घडीचा फोटो छापला होता. कोपऱ्यातल्या टाचण्यांच्या भोकांवर बोट ठेवलं तर ती पण छापलेली, गंजासकट. भिंगाखाली त्या तळाच्या ओळीतलं एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांचं. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारला, २५० ला मिळतो, प्रत्येकाने घ्यावाच, तर कागद ट्यूबलाइटसारखा निळा पेटला. १९५४ च्या स्वस्त कागदाला असं चमकायचं काही कारण नाही. आणि लिनन म्हणजे काय, तर ब्लाउजच्या अस्तराचं कापड, गोंदाने चिकटवलेलं. कुरिअरच्या पावतीवर लिहिलं होतं 'कॅलेंडर, किंमत रु. २००'. हा माझा इन्शुरन्स.

आमचे हे म्हणाले, चोराच्या सिनेमाचं पोस्टर चोराकडूनच घ्यावं लागतं. दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

मग पोलीस. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी, "पोस्टर म्हणजे भिंतीला चिकटवतात ते? त्याला पंचेचाळीस हजार?" आणि शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. माझं वय पन्नास आहे हो. तिसऱ्या दिवशी, "माल मिळाला ना बाई तुम्हाला, मग फसवणूक कुठली, हा दिवाणी मामला." बरं, तो खोटा आहे म्हणते तर एक्सपर्टचं सर्टिफिकेट आणा. रशियन पोस्टरचा एक्सपर्ट मी कोल्हापुरात कुठून आणू? मी भिंग पुढे केलं, घडीवरून नख फिरवून बघा म्हटलं, तर हात लावायला तयार नाहीत, म्हणे मुद्देमाल आहे. मुद्देमाल आहे तर मग तक्रार लिहून घ्या ना! बँकेत गेले तर पिन तुम्हीच टाकलाय, विषय संपला. ग्राहक आयोगाचं बघावं म्हटलं तर समोरच्याचा पत्ता हवा, आणि पावतीवरच्या पत्त्यावर भाच्याला पाठवलं तर तिथे दोन वर्षं बंद असलेलं झेरॉक्सचं दुकान. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरला फोन केला तो अकराव्या दिवशी, लाजेने उशीर केला. तुम्ही पैसे गेल्याचं कळल्या क्षणी करा, खात्यात पैसे असतील तोवरच ते अडवता येतात.

मागच्या बाजूचा फोटो नाही तर व्यवहार नाही, मग तो काहीही कारण सांगो. बाजूने तिरका उजेड पाडून घडीचा व्हिडिओ मागा, खऱ्या घडीची सावली पडते. आणि चित्र इमेज सर्चमध्ये टाका, मी ते नंतर केलं, तर सात वर्षांपूर्वीच्या परदेशी लिलावातला फोटो निघाला, माझ्या पोस्टरवर छापलेल्या कोपऱ्यातल्या फाटीसकट.

परवा पोस्टरं जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर नव्या नंबरवरून तेच पोस्टर आलं, ३९,००० ला. मी खाली लिहिलं, दहा मिनिटांत मलाच ग्रुपमधून काढलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी तिकोनी फाट आहे, तिच्या वर दोन गंजकी भोकं. दिसलं तर ओळखा.