जोआना न्यूसम: आधी 'द मिल्क-आइड मेंडर' की 'ईस'?

कॅलिफोर्नियाची जोआना न्यूसम हार्प (बोटांनी तारा छेडायचं मोठं तंतुवाद्य) वाजवत गाते. तिचा २००४चा पहिला अल्बम 'द मिल्क-आइड मेंडर' आधी ऐकावा की २००६चा 'ईस'?

माझं मत ठामपणे पहिल्याला. १२ छोटी गाणी, साथसंगत जेमतेम. आवाज लहान मुलीसारखा चिरका, मध्येच फाटणारा. सुरुवातीला कानाला टोचतोच. पण 'पीच, प्लम, पेअर' ऐका. हार्प बाजूला, हार्पसिकॉर्डचा (पियानोसारखं जुनं पट्ट्यांचं वाद्य) खणखणाट, आणि तिच्याच आवाजाचे थर एकमेकांवर चढत जातात. तिथे तो चिरकेपणाच गाणं उचलून धरतो.

'ईस'मध्ये ५च गाणी, त्यातलं एक तर जवळपास १७ मिनिटांचं. व्हॅन डाइक पार्क्स यांचं वाद्यवृंद-संयोजन देखणं आहे, पण नवख्याची दमछाक होते. तिचा आवाज अंगवळणी पडल्यावरच 'ईस' लावा.