हप्ता तो भरणार होता

ज्याच्या डोक्यावर आधीच कर्ज आहे त्याच्याकडे उसने कोण मागणार, असं आपल्याला वाटतं. फसवणाऱ्याला मात्र असाच माणूस सोयीचा पडतो. पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात येतो, घराचा हप्ता कधी चुकलेला नाही, सिबिल साडेसातशेच्या पुढे आणि बँकेच्या ॲपवर पर्सनल लोन आधीच मंजूर करून ठेवलेलं. माझ्या शिलकीत माझ्या मित्राला रस नव्हता, कारण शिल्लक नाही हे तो जाणून होता. त्याला माझ्या नावावर निघणारे चार लाख हवे होते.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरीला. पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट, त्याचा हप्ता १९ हजार. हा मित्र आधी आमच्याच शिफ्टला असायचा. नोकरी सोडून द्राक्षांच्या व्यवहारात शिरला, निदान सांगायचा तरी तसं. दिंडोरी-निफाडकडच्या बागा ठरवायच्या, बागायतदाराला विसार द्यायचा, माल उतरवून पुढच्या व्यापाऱ्याला घालायचा. नाशिकात या गोष्टीवर कुणी शंका घेत नाही, कारण दर हंगामात हे खरोखर चालतं. "अण्णा, एप्रिलपर्यंतचा प्रश्न आहे. हप्ता मी भरतो, तू फक्त ॲपवर ओके कर." घरी जेवायला आला की हिला म्हणायचा, "वहिनी, माल उतरला की पहिली पेटी तुमच्याकडे." पेटी आलीही. ती बाजारातून विकत आणलेली होती, हे फार नंतर कळलं.

आकडे सांगतो, कारण भावनेच्या भरात ते कुणी मांडून बघत नाही. चार लाख, चार वर्षं, १४ टक्के म्हणजे महिन्याला साधारण १०,९०० रुपये. फिटेपर्यंत सव्वापाच लाख जातात. प्रोसेसिंग फी आधीच कापली जाते, म्हणजे हातात पुरते चार लाखही पडत नाहीत. आणि बँकेच्या लेखी या सगळ्यात मित्र नावाचा माणूस कुठेच नसतो.

पहिले काही हप्ते त्याने वेळेवर पाठवले. फोनपेवर पैसे आणि मागोमाग हात जोडल्याची खूण. याला प्रामाणिकपणा समजू नका. माझ्याच चार लाखांतले चाळीसेक हजार मला परत फिरवले की मी निश्चिंत, आणि बाहेर माझा दाखला द्यायला तो मोकळा. आमच्या खात्यातल्या एकाने मला येऊन विचारलंसुद्धा, "देतो का रे तो वेळेवर?" देतो, म्हटलं. त्याचे अडीच लाख गेले.

मग कारणं सुरू झाली. अवकाळी झाला, मणी तडकले. मग व्यापारीच पळाला. शेवटी फोन उचलणं बंद. ज्या बागेचं तो नाव घेत होता तिथे जाऊन आलो, तर त्या शेतकऱ्याने याला कधी पाहिलेलंही नव्हतं. पैसे शेअर बाजारात ऑप्शनच्या नादात उडवले, असं त्याच्या भावाने सांगितलं. दरम्यान माझा एक हप्ता बाउन्स झाला, दंड लागला, सिबिल घसरलं आणि हिची सोनसाखळी गहाण पडली.

पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा डोक्यात २०२० ची आठवण होती. तेव्हा नाशिक परिक्षेत्राचे पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी द्राक्ष उत्पादकांचे व्यापाऱ्यांनी बुडवलेले पैसे वसूल करून देण्याची मोहीम घेतली होती. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुम्ही शेतकरी नाही, ही उसनवारी आहे, दिवाणीत जा.

हातात एकच गोष्ट होती, मित्राच्या सहीचा चेक. तो भरला तर 'खातं बंद' असा शेरा मारून परत आला. हे मुद्दाम सांगतो, कारण खातं बंद म्हणजे चेकचा कागद झाला असं समजून लोक गप्प बसतात. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकारही चेक न वटल्याच्या गुन्ह्यात, म्हणजे चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ मध्येच धरलेला आहे. फक्त मुदती पाळाव्या लागतात. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरायचा. परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. ती मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते उलटले की एक महिन्यात कोर्टात तक्रार. दिवाणी दाव्याला पैसे दिल्यापासून तीन वर्षं असतात. त्या मुदतीत त्याच्या सहीची लेखी कबुली मिळाली तर तिथून पुन्हा तीन वर्षं मोजतात. तोंडी "देतो रे" मोजत नाहीत.

नोटिशीला उत्तर आलं आणि त्याचा खरा डाव तेव्हा समजला. म्हणे मी त्याचा भागीदार होतो, धंदा बुडाला, तोटा दोघांचा, आणि चेक नुसता विश्वासापोटी दिलेला! व्हॉट्सॲप पहिल्यापासून उघडून बघितलं. एकाही मेसेजमध्ये कर्जाचा किंवा उसन्याचा उल्लेख नाही. सगळीकडे 'आपला माल', 'आपले पैसे अडकलेत'. मला वाटायचं हा जिव्हाळा आहे. तो पुरावा जमवत होता. चेकच्या खटल्यात देणं नव्हतं हे सिद्ध करायचा भार त्याच्यावर असतो, एवढाच आधार. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात तारखा चालू आहेत. वकिलांनी अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या, भरपाईचा अर्ज दिलाय; चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत ती मिळू शकते.

सध्या तो सिन्नर-माळेगावच्या एमआयडीसीत ओळखी वाढवतोय असं ऐकतो. आता द्राक्षं नाहीत, कोल्ड स्टोरेज आहे. "तुझ्या ॲपवर किती मंजूर दाखवतंय रे?" असं गप्पांच्या ओघात कुणी विचारलं, तर 'इतके रुपये उसने घेतले, अमुक तारखेला परत करीन' एवढं एक वाक्य त्याच्याकडून लिहून, सही करून मागा. माझ्या त्या अडीच लाखवाल्या सहकाऱ्याने उशिराने का होईना मागितलं होतं. "भावाभावात कागद कशाला," मित्र म्हणाला, आणि त्या दिवसापासून सहकाऱ्याचाही फोन उचलणं बंद केलं.