हिरवी बुरशी की निळी?

वाशीच्या फळबाजारात नागपुरी संत्र्यांचा क्रेट उघडला की एखादं मऊ पडलेलं, पावडर लावल्यासारखं फळ हाताला लागतंच. गाळ्यावर सगळ्याला एकच शब्द, 'बुरशी'. पण त्यात दोन जाती आहेत आणि त्यांचा स्वभाव वेगळा.

हिरवी म्हणजे पेनिसिलियम डिजिटॅटम. मधे शेवाळी हिरवी पूड, भोवती रुंद पांढरी कड. तिला २० ते २५ अंश तापमान मानवतं, म्हणजे नवी मुंबईचा हिवाळा अगदी सोयीचा! तीन-चार दिवसांत आख्खं फळ गिळते. शिरकाव मात्र सालीवरच्या जखमेतूनच: तोडताना लागलेलं नख, टोचलेला देठ, ट्रकमधला धक्का. शेजारच्या फळावर पूड उडते, पण साल शाबूत असेल तर ते बहुधा वाचतं. पुसून विकतातही, काय बोलणार.

निळी, पेनिसिलियम इटॅलिकम, संथ आहे. पांढरी कड अरुंद. तीही जखमेतूनच येते, पण एकदा बस्तान बसलं की चिकटलेल्या धडधाकट फळातही घुसते आणि पेटीत सडक्या फळांचा घोळका तयार होतो. शिवाय १० अंशांखाली ती हिरवीपेक्षा जोमाने वाढते.

म्हणून उघड्यावरच्या मालात मला हिरवीची धास्ती जास्त, कोल्ड स्टोरेजमध्ये महिनाभर ठेवायच्या मोसंबीत निळीची. घरच्या फ्रिजमध्येही संत्री एकमेकांना चिकटवून कोंबू नका. डाग दिसलेलं फळ झटकू नका. अलगद पिशवीत बांधून बाहेर काढा.