लाल कॅलिपरचे अडतीस हजार

फोक्सवॅगनने पोलो ही गाडी भारतात बनवणं २०२२ मध्ये बंद केलं. तेव्हापासून ज्यांच्याकडे तिचं जीटी टीएसआय मॉडेल आहे ते तिला जिवापाड जपतात, आणि असं जपणारं गिऱ्हाईक काही गॅरेजवाल्यांना लांबूनच ओळखू येतं. ब्रेकचं 'स्पोर्ट अपग्रेड' करून देतो म्हणत रत्नागिरीजवळच्या एका गॅरेजने माझ्याकडून ३८,००० रुपये घेतले. प्रकरण मिटलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पण काम न करता केल्यासारखं कसं दाखवलं, ते सविस्तर सांगतो.

ब्रेकचं काम निघालं होतं हे खरं. घर भाट्याच्या बाजूला, गाडी बारा महिने खाऱ्या वाऱ्यात. डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अशा हवेत जाम होतात, पिस्टनवरचं रबर तडकतं, एकीकडचं पॅड झिजून जातं आणि दुसरीकडचं जाडच्या जाड राहतं. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल नुसतं खाली जातं.

पावतीवर लिहिलं होतं: पुढचे दोन्ही कॅलिपर ओव्हरहॉल (म्हणजे खोलून दुरुस्त), नवीन स्लॉटेड (खाचांच्या) डिस्क, स्पोर्ट पॅड, डॉट ५.१ ऑइल. जीएसटी नंबर नाही, पार्ट नंबर नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "भंगारवाला कालच घेऊन गेला." अलॉय चाकांच्या आतून लालभडक कॅलिपर मात्र झकास दिसत होते.

गावात चालवताना काहीच कळलं नाही, आणि या फसवणुकीचं सगळं गणित त्यावरच चालतं. मारुती मंदिर ते मांडवी कुठलेही ब्रेक गाडी थांबवतात. कोल्हापूरहून परत येताना आंबा घाट उतरायला लागलो तेव्हा आधी करपल्याचा वास आला. मागे बसलेली आई म्हणाली, कुणाच्यातरी ट्रकचा असेल. पुढच्या वळणावर पेडल स्पंजासारखं दबलं आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. ऑटोमॅटिक गिअर मॅन्युअलमध्ये घेऊन दुसऱ्यावर आणला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला लावली. थंड झाल्यावर पेडल परत वर आलं. गाडी रांगवत साखरप्यापर्यंत आणली.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी चाक काढलं आणि कशालाही पाना लावण्याआधी मला जवळ बोलावलं. "ह्या बोल्टावरचा रंग कुठे तुटलाय काय, बघा."

कुठेच तुटला नव्हता. ब्रेकची नळी कॅलिपरला ज्या बोल्टने जोडतात, त्या बोल्टावरून कॅलिपरपर्यंत लाल रंगाचा एकच सलग थर होता. कॅलिपर खरंच ओव्हरहॉल करायचा तर नळी सोडावीच लागते. रंग आधी मारला असता तर पान्याने तुटला असता, नंतर मारायचा तर ओव्हरहॉल होऊन नळी परत बसल्यावरच. आता नंतर मारला असेल असं कुणी म्हणेल, पण पिस्टनवरचा रबरी बूट जुनाच, तडकलेला, आणि भेगांतसुद्धा लाल रंग. हवा काढायच्या निपलवरचा गंज रंगाखाली जसाच्या तसा. तिथे पाना बसलाच नव्हता. वरच्या डबीतलं ऑइल चहासारखं तपकिरी. डावीकडची खालची पिन हाताने हलेना.

डिस्क तर माझ्याच होत्या. लेथवर घासून त्यांवर खाचा पाडल्या होत्या. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. चाचांनी व्हर्निअरने जाडी मोजली, ती त्याच्या खाली गेली. जाडी कमी म्हणजे उष्णता साठवायला लोखंड कमी, आणि वर खाचा पाडून आणखी थोडं काढून घेतलेलं. एवढ्यावर 'स्पोर्ट' म्हणायला हिंमत लागते. पॅड काचेसारखे चकचकीत झाले होते आणि एकाचं मटेरियल कोपऱ्यात पत्र्यापासून सुटायला लागलं होतं.

चाचांनी उघडण्याआधी सगळ्याचं शूटिंग करायला लावलं, ते फार उपयोगी पडलं. गॅरेजवाला आधी म्हणाला, घाटात ब्रेक दाबून ठेवलात तर काय होणार? मग म्हणाला, समुद्राची हवा. सलग रंगाचा व्हिडिओ दाखवल्यावर म्हणाला, पोराने काम केलं, मला माहीत नव्हतं.

ब्रेकचं काम देणार असाल तर गाडी सोडण्याआधी डिस्कच्या मधल्या भागावर खिळ्याने बारीक खूण करा आणि फोटो काढा. जुने पार्ट हातात मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका, हे पावतीवरच लिहून घ्या. ऑइल बदलताना समोर उभे राहा: निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून आधी काळपट आणि मग स्वच्छ ऑइल येताना दिसतं. त्याला फार वेळ लागत नाही, आणि जो गॅरेजवाला आत उभं राहू देत नाही त्याच्याकडे गाडी देऊ नका.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवल्यावर त्याने १५,००० परत केले. बाकीचे गणपतीनंतर देतो म्हणाला. कुठल्या वर्षीच्या गणपतीनंतर ते सांगितलं नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करतो आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.