खाडीकाठच्या कादंबरीची तीन वाचने

गेल्या आषाढात ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून ही कादंबरी आणली, ती परत करताच स्वतःची प्रत विकत घेतली आणि सात महिन्यांत तिची तीन वाचने झाली. रहस्यकथेचा उलगडा एकदा कळला की पुस्तक पुन्हा उघडवत नाही, असा माझा अनुभव होता. या पुस्तकाच्या बाबतीत तो खोटा ठरला.

कथा १७३७ सालची आहे. साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल आहे, ठाण्याचा किल्ला अर्धवट बांधून झाला आहे आणि मराठी फौज खाडीपलीकडे येऊन ठेपली आहे. चेंदणीच्या कोळीवाड्यातील एक मुलगी आणि बुरुजाच्या कामावर जुंपलेला एक पाथरवट यांची ही प्रेमकथा. बुरुजाच्या अपुऱ्या बाजूची खबर पलीकडे कोण पोहोचवतो, हे तिच्यातले रहस्य. अद्भुताचा भाग एवढाच की खाडीत बुडालेली चर्चची घंटा उधाणाच्या रात्री वाजते, आणि ती फक्त खोटे बोलणाऱ्यालाच ऐकू येते.

तिसऱ्या प्रकरणात नायिका पहारेकऱ्याला सांगते की पुनवेच्या मध्यरात्री आपण चिखलात निवट्या पकडत होतो. पहिल्या वेळी मी हे वाक्य सहज वाचून पुढे गेलो. पुढे कोळीवाड्यातील एका वृद्ध काकांशी बोलताना त्यांनी सांगितले की पुनवेला आणि अवसेला आपल्याकडे दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास भरती असते. त्या वेळी चिखल दिसणारच नाही. घरी येऊन ते पान काढले, तर पुढच्याच ओळीत ती दचकून कानावर हात ठेवते! लेखकाने सारा उलगडा तिथेच ठेवला होता, आणि ज्याला खाडी ठाऊक आहे त्याला तो पहिल्याच वाचनात सापडला असता.

प्रेमाचे प्रसंग मोजके आहेत, पण चुन्याने फुटलेल्या त्याच्या बोटांना ती न बोलता खोबरेल लावते, ते दीड पान मी आईला दोनदा वाचून दाखवले. अंजूरच्या गंगाजी नाईकांचा भाग मात्र घाईने उरकला आहे. मोहिमेत त्यांचे साहाय्य किती मोलाचे होते हे पाहता त्यांना अधिक जागा हवी होती. शेवटच्या दोन प्रकरणांत घंटेमागचे कारण समजावून सांगण्याची गरज नव्हती, कारण तोवर वाचकाने ते मनोमन मान्य केलेले असते.

दुसऱ्या वाचनातच बांधणी उसवली, आणि पुस्तकात नकाशा नाही, ही मोठी उणीव आहे. किल्ल्यात आता मध्यवर्ती कारागृह असल्यामुळे आत जाऊन जागा ताडून पाहता येत नाहीत. म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर चेंदणी, किल्ला, कळव्याची बाजू आणि खाडीचे पात्र मी पेन्सिलीने काढून ठेवले आहे.